पंचांसमक्ष

काली पुतली चौकात ऑटो अडकला होता. पुढं कसली तरी मिरवणूक चालली होती आणि वेळ घालवायला म्हणून मी मोबाइल काढला. ऋतानं माहितीपत्रक पाठवलं होतं, चार पानांचं. एका दिवसाची समुद्रपक्षी-सहल, मालवणहून भाड्याची बोट, पहाटे साडेपाचला निघायचं, संध्याकाळी परत. टोपी आणा, उलटीची गोळी आधीच घ्या, बोटीत उभे राहून एकमेकांच्या दुर्बिणीसमोर येऊ नका. मग दिसू शकणाऱ्या पक्ष्यांची यादी आणि प्रत्येकापुढं एकेक ओळ. नवव्या पक्ष्यापुढं लिहिलं होतं : 'सूटी टर्न. वर्षानुवर्षं हवेतच राहतो. पिसांना पुरेसं तेल नसतं, म्हणून पाण्यावर बसत नाही. बसला तर भिजतो आणि बुडतो.' मिरवणूक पुढं सरकली, मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला, ऑटोवाल्यानं गाडी काढली, आणि मी अजून त्याच ओळीवर होतो. "बाबूजी, बस स्टैंड ही जाना है ना?" ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं. मला कुठं जायचं होतं ते मला खरंच आठवेना.

मी शरदचंद्र. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीत, महसूल शाखेत चौतीस वर्षं बाबूगिरी केली आणि दोन वर्षांमागं निवृत्त झालो. आजोबा सरकारी नोकरीनं इथं आले, वडील इथंच झिजले, मीही इथंच. घरात मराठी, दारात हिंदी आणि कचेरीत ती सरकारी हिंदी, जी जगात कुणाच्याच घरी बोलत नाहीत. गावात मला शरदचंद्र कुणी म्हणत नाही, 'पाखरवाले बाबू' म्हणतात. त्यात मान किती आणि टिंगल किती, हे मी कधी तपासलं नाही. तपासलं असतं तर त्रास झाला असता. आयुष्यात माझ्या नावावर एकच गोष्ट आहे. दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात आंध्राच्या किनाऱ्यावर वादळ आलं, त्याचं शेपूट आमच्यावरून गेलं, आणि त्या वादळानं समुद्रावरचा एक पक्षी उचलून वैनगंगेच्या वाळूत आणून टाकला. किनाऱ्यापासून पाचशेहून जास्त किलोमीटर आत. सूटी टर्न. मराठीत मी त्याला काजळी सुरय म्हणतो, पाठ काजळासारखी काळी आणि पोट पांढरंशुभ्र म्हणून. पक्षिमित्रांच्या एका त्रैमासिकात त्याच्यावर माझं अर्धं पान छापून आलं, फोटोसकट. 'पक्षी सुदृढ अवस्थेत उडून गेला,' हे त्यातलं शेवटचं वाक्य. ते खोटं आहे. पक्षी माझ्या डोळ्यांदेखत बुडाला. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो तसाही मरणारच होता, वादळानं अर्धामेला केला होता, मी फक्त शेवट पाहिला. आणि आता भर चौकात, ऑटोत बसल्या बसल्या, ते पत्रक लिहिणाऱ्या कुणा परक्या पोरीनं एका ओळीत सांगून टाकलं की त्याला मी मारला.

ऋता माझी एकुलती मुलगी. तेवीस वर्षांची, पुण्यात एका कंपनीत आहे. रविवारी फोन करते. जेवले का, जेवलो. बीपीची गोळी घेतली का, घेतली. बरं मग, ठेवते. साडेतीन वर्षं, म्हणजे तिची आई गेल्यापासून, आमच्यात एवढंच बोलणं उरलं आहे. तिला माझ्याकडून एकच वाक्य हवं आहे. ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. 'माझं चुकलं.' दोन शब्द. माझ्या बायकोला, प्रेमलताला, मी नागपूरच्या दवाखान्यातून डॉक्टरांचं न ऐकता घरी आणलं आणि नवव्या दिवशी ती गेली. तेराव्याची माणसं पांगल्यावर ऋता माझ्यासमोर बसली होती. "बाबा, तुम्ही एक डाव म्हना तर," एवढंच म्हणाली होती. काय म्हणू, हे विचारायची गरज नव्हती. मी पंखा वाढवला आणि आत जाऊन पडलो. त्यानंतर ह्या वर्षी एकाएकी तिनं माझं नाव त्या बोटीत घातलं. "तुमचं पाखरू त्याच्या घरी जाऊन पाहू, बाबा." गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हाच मी ठरवलं होतं की बोटीवर सांगायचं. आधी पक्ष्याचं सांगायचं, ते त्यातल्या त्यात सोपं. मग त्याच्यामागून दुसरं आपोआप तोंडातून निघेल. रात्रभर खालच्या बर्थवर पडून मी ते पाठ करत होतो.

बोट मासेमारीची होती. जाळी काढून तिच्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोरीनं बांधल्या होत्या, आणि डिझेलचा व शिळ्या मासळीचा वास काही केल्या जात नव्हता. चालवणारा राजू तांडेल कमी बोलायचा. आम्ही अकरा जण. बाकीच्यांकडं हातभर लांबीचे कॅमेरे, माझ्याकडं ती जुनी दुर्बीण, तिच्या एका नळीत बुरशी धरलेली. ऋता त्या लोकांशी पुण्याचं मराठी बोलत होती, सुबक, घडी न मोडलेलं, आणि माझ्याकडं वळली की, "बाबा, इकडं सरका, तिकडून पानी उडून राह्यलं." हे बदलणं तिला इतकं सहज जमतं की मला दर वेळी थोडं दुखतं. बालाघाटचं बोलणं तिनं फक्त माझ्यासाठी राखून ठेवलं आहे, घरातली फुटकी कपबशी घरच्यांसाठी ठेवतात तसं. किनारा दिसेनासा झाला तशी मला मळमळ सुरू झाली. मी जन्मभर नदी पाहिली. नदीला पलीकडचा काठ असतो, पूर असला तरी असतो, तिकडची झाडं दिसतात, कुणाची तरी म्हैस दिसते. इथं कुठंच काही नव्हतं. पाणी खाली जायचं तेव्हा पोट वर यायचं. श्रुतिका, म्हणजे ते पत्रक लिहिणारी, ही सहल नेणारी पोरगी, माझ्याजवळ आल्याचा तुकडा घेऊन आली. "काका, नजर लांब ठेवा, क्षितिजावर. बोटीत पाहू नका." तिशीची असेल. उन्हानं नाक सोललेलं. मी आलं चघळत क्षितिजाकडं पाहत राहिलो आणि डोळ्यांसमोर सुखराम आला.

सुखराम उन्हाळ्यात नदीच्या वाळूत काकड्या-टरबुजं लावायचा आणि उरलेलं वर्ष जाळं टाकायचा. तीन दिवसांचा पाऊस उघडला त्या सकाळी तो गमछ्यात काही तरी गुंडाळून आमच्या दारात उभा होता. "बाबूजी, ये कौन चिड़िया है? पचास बरस में नहीं देखी." गमछा उघडला. चित्रात पाहिलेला पक्षी दारात आला होता. पिसं चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले, पण जिवंत. प्रेमलता पदराला हात पुसत बाहेर आली. तिला त्याचं नाव-गाव काही ठाऊक नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. तिनं भाजीची टोपली रिकामी केली, जुनं सुती लुगडं चार पदरी घालून त्यात त्याला ठेवला आणि टोपली चुलीपासून हातभर लांब ठेवली, ऊब लागेल आणि चटका लागणार नाही इतक्या अंतरावर. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. तिनं माझी मिशा कातरायची कात्री घेतली आणि सुखरामनं आणलेल्या बारक्या मासोळ्यांचे तुकडे केले. पहिल्या दिवशी त्यानं चोच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तुकडा गिळला, दुपारी तीन. संध्याकाळी त्यानं टोपलीत उभं राहून पंख ताणले आणि बारा वर्षांची ऋता जमिनीवर पालथी पडून टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवशी आमच्या घरात जे वातावरण होतं ते त्याआधी कधी आठवत नाही आणि त्यानंतर तर नाहीच.

"पिसं वाळून राह्यले त्याचे," प्रेमलता म्हणाली. "अजून दोन दिवस राहू द्या. मंग गच्चीवरून सोडू. वारा लागला का जाईन आपला तो." गच्चीवरून! मला हसू आलं होतं. मी म्हणालो, "पान्याचं पाखरू आहे ते, प्रेमा. कोंबडी नाही. पान्यात सोडलं का जीव धरते." "तुमाले कसं ठाऊक?" तिनं सरळ विचारलं, त्यात खोच नव्हती. "मले नाही ठाऊक तर कोनाले ठाऊक राहीन ह्या गावात?" माझ्याकडं चौदा पुस्तकं होती. त्यांपैकी एकाही पुस्तकात समुद्रावरच्या पक्ष्यांना दोन पानांपेक्षा जास्त जागा नव्हती, पण पुस्तकं चौदा होती. आम्ही नदीकाठची माणसं. आमच्याकडं पाण्याजवळ दिसणारं प्रत्येक पाखरू पाण्यात बसतं : बदकं बसतात, पाणकावळे बसतात. मासे खातो म्हणजे पाण्याचा, आणि पाण्याचा म्हणजे पाण्यात, हा हिशेब मला तपासावासा वाटला नाही. तिनं चुलीजवळ बसून दोन दिवस त्याची पिसं पाहिली होती. मी पुस्तकातला त्याचा फोटो पाहिला होता.

त्याच संध्याकाळी मी पंचनामा लिहिला. हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण कचेरीत माणूस वर्षानुवर्षं बसला की त्याला कागदाशिवाय काही घडल्यासारखं वाटत नाही. आणि आमच्याकडं पंचनामा जागेवर जाऊन लिहीत नाहीत. तो आदल्या दिवशी टेबलावरच तयार होतो. गाव, शेत, वेळ, पंचांची नावं, काय दिसलं, निष्कर्ष काय, सगळं. जागेवर फक्त सह्या घ्यायच्या, आणि जमल्यास त्याही आधीच, कारण मग पंचांच्या मागं कोण फिरणार. असे शेकडो लिहिले. शेत बुडालं की नाही ते कागद झाल्यावर पाहायला जायचं. मी सुंदर अक्षरात लिहिलं : 'समक्ष पंचान उक्त पक्षी को वैनगंगा नदी के जल में मुक्त किया गया। पक्षी स्वस्थ अवस्था में उड़ गया।' त्रैमासिकाला पाठवायला पुरावा हवा, असं त्याचं कारण मी स्वतःला दिलं होतं. पंच क्रमांक एक, श्रीमती प्रेमलता. तिनं पोळ्या लाटता लाटता कागद वाचला. "अजून तं सोडला नाही." "सकाळी सोडाचाच आहे. तिथं ओल्या हातानं कागद खराब होते." तिनं हात धुतले, पुसले आणि सही केली. सकाळी सुखरामनं दारातच उभ्या उभ्या त्याखाली आपलं नाव काढलं. त्याला वाचायला वेळ लागायचा. "आपने लिखा है तो सही लिखा होगा, बाबूजी."

ऋताची सहामाही होती, तिला शाळेत धाडलं. नदी गढूळ होती आणि भरून चालली होती. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि त्याला पाण्यावर ठेवला, कार्तिकात दिवा सोडतात तसा. दोन क्षण तो तरंगला. मी मागं वळून प्रेमलताकडं पाहिलं, बघ म्हणालो नसलो तरी तोंडावर तेच असणार. पुन्हा वळलो तेव्हा त्यानं पंख उघडले होते आणि ते पाण्याला चिकटले होते. एकदा आपटले. दुसऱ्यांदा एकच उचलला गेला. धार त्याला गोल फिरवत मधे घेऊन गेली, पांढरं पोट वर आलं, गेलं. सुखराम धोतरासकट पाणी तोडत पुढं गेला, कमरेच्या वर धार लागल्यावर थांबला. प्रेमलता घाटाच्या पायरीवर उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती. ती टोपलीतलं लुगडं काढून त्याची घडी घालत होती, कडेला कड जुळवून. घरापर्यंत ती एकच वाक्य बोलली. "ऋताले काय सांगाचं?" आणि मी म्हणालो, "उडाला म्हनून सांग. कागदावर तसंच आहे." दुपारी ऋता शाळेतून धावत आली तेव्हा प्रेमलतानं तिला सांगितलं, "हौ, उडाला. लय वर गेला." ऋतानं त्याचं चित्र काढलं, ते अजून आमच्या बैठकीत आहे. त्यानंतर प्रेमलता माझ्याबरोबर पाखरं पाहायला एकदाही आली नाही. कधी गुडघे दुखायचे, कधी निवडायचं राहिलेलं असायचं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. असा संसार पुष्कळ लोक करतात.

"थ्री ओ'क्लॉक!" कुणी तरी ओरडलं, म्हणजे उजव्या हाताला, आणि बोट त्या अंगाला झुकली. काळपट, लाटांना जवळजवळ घासत जाणारे पक्षी गेले. मी दुर्बीण लावली. बुरशी, मग निळं, मग काही नाही. उलटी झाली. ऋतानं माझी पाठ धरून ठेवली, तिच्या आईसारखा हात, तळवा पसरून. मला वाटलं आता, ह्या क्षणी, डोकं बोटीबाहेर आहे, तोंड दिसत नाही, आता म्हणावं. तोंडात कडू पाणी होतं. मी चूळ भरली. क्षण गेला. अकराच्या सुमाराला राजूनं इंजिन बंद केलं आणि बोट नुसती डुलत राहिली. श्रुतिका मधे उभी राहिली, एक हात खांबाला. "आज आपल्यात एक खास पाहुणे आहेत," ती म्हणाली, आणि मला कळलं. तिच्या मोबाइलवर माझं ते अर्धं पान होतं. फोटोत प्रेमलताच्या हातात तो पक्षी, तिचा चेहरा नाही, फक्त बांगड्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात माझ्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. "काका, मला फार दिवसांचं विचारायचं होतं," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही तो कसा सोडलात? दर वादळानंतर आम्हाला लांबलांबून फोन येतात. लोक चांगल्या मनानं त्याला तळ्यात सोडतात, नदीत सोडतात, आणि तो बुडतो. तुमचा उडाला. नेमकं काय केलंत ते सांगितलंत तर मी ते लिहून सगळ्यांना पाठवीन. पुढचे दोन-चार तरी वाचतील." तिचा चेहरा सरळ होता. तिला काही संशय आला होता की नाही, मी अजून सांगू शकत नाही. ऋता माझ्याकडं पाहत होती. सगळेच पाहत होते, दहा माणसं आणि तेवढे कॅमेरे.

आणि मला त्या वेळी नागपूरची ती खोली दिसली. प्रेमलताच्या छातीत पाणी झालं होतं. हृदय नीट ओढत नव्हतं म्हणून फुप्फुसांत पाणी साठत होतं. डॉक्टर ते थोडं थोडं उतरवत होते, अजून दोन आठवडे लागतील म्हणाले. तिला बरं वाटायला लागलं होतं. उशाला टेकून ती बसायची, ऋतानं आणलेलं संत्रं खायची. मला मात्र तो वास, त्या नळ्या, रात्री बाकावर झोपणं, सगळ्याचा वीट आला होता, हे आज म्हणायला हरकत नाही. मी म्हणालो, "घरच्या मानसाले घरची हवा मानवते. घरी चाल, चार दिवसांत उभी राहशीन." "डॉक्टर नाही म्हनून राह्यले ना?" "डॉक्टरचं सोड. मी काय आज ओळखतो तुले?" स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याचा फॉर्म मी भरला, सुंदर अक्षरात, प्रकृती सुधारली असल्याने असं कारणही घातलं, आणि सहीसाठी तिच्यापुढं धरला. तिनं तो पूर्ण वाचला. मग माझ्याकडं पाहिलं, घाटाच्या पायरीवर पाहिलं नव्हतं तसं. "पह्यले होऊ तं द्या," ती म्हणाली. "मंग करीन सही." मी ते हसण्यावारी नेलं आणि नातेवाईक म्हणून मीच खाली सही ठोकली. ऋता नागपुरातच शिकत होती, त्या दुपारी प्रॅक्टिकलला गेलेली. ती परत आली तेव्हा पलंग रिकामा होता. घरी नवव्या रात्री प्रेमलता बसून बसून श्वास ओढत होती, तोंड उघडं, दोन्ही हात गादीवर आपटत. दोन्ही हात. मी ते तेव्हा कशाशी जोडलं नाही. त्या चौकातल्या ओळीनंतर ते माझ्या डोक्यातून जात नाही. पाण्यातून बाहेर काढून चुलीजवळ ठेवलेल्या जिवाला मी दोनदा पाण्यात नेऊन ठेवलं, आणि दोन्ही वेळा कागद माझाच होता.

"काका?" श्रुतिका म्हणाली. मी उभा राहिलो, खुर्चीची पाठ धरली आणि म्हणालो, "घाटाच्या वरच्या पायरीवरून सोडला. पाण्यात नाही. हातातूनच. वाऱ्याकडं तोंड करून. दोन दिवस चुलीच्या उबेला पिसं वाळवली होती, बारीक मासळी भरवली होती, माझा तसा आग्रहच होता. हात थोडे वर केले आणि गेला. आधी पुलाच्या दिशेनं, मग वळून वर." खोटं बोलताना मला तपशील फार चांगले सुचतात. नोकरीतली कमाई म्हणायची तर तीच. श्रुतिका भराभर लिहून घेत होती. प्रेमलता जे जे करा म्हणाली होती ते सगळं मी माझ्या नावावर केलं होतं आणि गंमत म्हणजे ते सगळं बरोबर होतं. पुढच्या वादळात कुठंसा एखादा पक्षी त्यानं वाचेलही. पुन्हा टाळ्या. ऋतानं वाजवल्या नाहीत. ती उठली आणि खुर्च्यांमधून वाट काढत बोटीच्या मागच्या टोकाला गेली. थोड्या वेळानं मीही गेलो. राजूनं इंजिन पुन्हा सुरू केलं होतं, त्यामुळं आम्हाला जवळ उभं राहून बोलावं लागत होतं.

"आईनं मले नागपूरले सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"का तो बुडाला. दवाखान्यात, रात्री, मी तिच्याजवळ बसली होती तवा." ती रेलिंगवरचं सुकलेलं मीठ नखानं खरवडत होती. "म्हने, बाबांले विचारू नको. त्याहिले आतून लय लागलं आहे. एक दिवस तेच सांगतीन."

माझ्या कानात इंजिन धडधडत होतं. प्रेमलतानं माझ्याविषयी इतका चांगला समज कसा करून घेतला होता, कुणास ठाऊक.

"म्हनून आनलं मी तुमाले इथं," ऋता म्हणाली. "मले वाटलं, इथं कोनी आपल्या वळखीचं नाही. इथं तं सांगतीन. पाखराचं सांगतलं असतं तरी चाललं असतं, बाबा. बाकी मी समजून घेतलं असतं."

दोन शब्द होते. रेल्वेत पाठ केलेले. ती वाट पाहत होती, उघड उघड, बारा वर्षांची असताना दारात उभी राहून पाहायची तशी. माझं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं ते हे : "तो पह्यलेच आजारी होता, ऋता. वाचनार नव्हताच."

तिनं मान वर केली.

"कोन वाचनार नव्हतं, बाबा? पाखरू का आई?"

त्याच वेळी पुढं आरडाओरडा झाला. "सूटी! सूटी! डोक्यावर!" खुर्च्या सरकल्या, कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला, श्रुतिका पोरीसारखी उड्या मारत होती. "काका, वर बघा, तुमचा पक्षी!" एक सावली आमच्या दोघांच्या मधून, लाकडी फळ्यांवरून गेली एवढं मला दिसलं. मी वर पाहिलं नाही. ऋताची नजर माझ्या तोंडावर होती आणि ती तिथून हलवण्याची माझी छाती नव्हती. मग पुढच्या लोकांचा आवाज कमी होत गेला. कुणी तरी म्हणालं, गेला. ऋता पुढं जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. परतीच्या चार तासांत तिनं दोनदा मला पाणी दिलं आणि एकदा टोपी सरळ केली.

धक्क्यावर उतरलो तेव्हा पाच वाजले होते आणि पायाखालची जमीन डुलत होती. श्रुतिकानं पुठ्ठ्याला लावलेली दिवसाची यादी काढली. ही नोंद म्हणून जाते, म्हणाली, सगळ्यांच्या सह्या लागतात, पाहिल्याच्या. एकेक जण हसत, फोटो दाखवत सही करत होता. कागद माझ्याकडं आला. शेवटून तिसरी ओळ : 'सूटी टर्न. एक. सर्वांनी पाहिला.' मी पेन घेतलं. हात धुऊन पुसलेले नव्हते, तरी सही चांगली आली, खाली नेहमीची रेघ आणि दोन टिंबं. मग कागद ऋताकडं दिला. तिनं तो सगळा वाचला, वरपासून खालपर्यंत, माझ्या सहीवर थांबली, आणि पेन न उघडता श्रुतिकाला परत दिलं.

"मी नाही पाह्यला तो," ती म्हणाली. पुण्याच्या लोकांसमोर, श्रुतिकाशी, बालाघाटचं बोलली. "मी बाबांकडं पाहून राह्यली होती."

"अरेरे," श्रुतिका म्हणाली, "दोन हातांवरून गेला गं तो." मग प्रामाणिक पोरगी ती, तिनं 'सर्वांनी' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात 'अकरापैकी दहा जणांनी' असं लिहिलं. त्या दहांत मी आहे.